हंड्यातील ‘ण’

ज्या शेऱ्याविषयी हा लेख आहे तो दोनच शब्दांचा होता : ‘उच्चार सदोष’. आमच्या महाविद्यालयातील वक्तृत्व स्पर्धेच्या गुणपत्रकावर आम्ही दोघांनी तो एकमताने लिहिला. आम्ही दोघे एकाच मराठी विभागात शिकवतो. आमच्यातील एक मूळचे अमरावती जिल्ह्यातील, तर दुसऱ्या सिंधुदुर्गातील. नोकरीच्या निमित्ताने पश्चिम महाराष्ट्रातील या गावी येऊन आम्ही येथलेच झालो आहोत. हा तपशील आरंभीच का सांगितला, ते पुढे कळेल.

स्पर्धेचा विषय पाणीटंचाई हा होता. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची, बुलढाणा जिल्ह्यातून भावाकडे शिकायला आलेली एक मुलगी बोलायला उभी राहिली. इतर स्पर्धकांप्रमाणे तिने सुविचारांची पेरणी केली नाही की आकडेवारीचा मारा केला नाही. उन्हाळ्यात पहाटे चारला आईबरोबर विहिरीवर जाणे, रांगेत हंडा ठेवून त्याच्याशेजारीच झोपी जाणे, आणि हंडा भरला की डोक्यावर घेताना मानेत उठणारी कळ, एवढेच ती सांगत राहिली. ती ‘पानी’ म्हणत होती, ‘मानूस’ म्हणत होती, ‘आधी कोन आलं’ म्हणत होती. सभागृह स्तब्ध होते. ती काय म्हणते आहे हे न समजलेला एकही श्रोता तेथे नव्हता. आम्ही आशयाला भरघोस गुण दिले, उच्चाराच्या रकान्यात दहापैकी तीन दिले, आणि तो शेरा लिहिला. तिचे पारितोषिक त्या रकान्यात गेले. निकालानंतर तिने गुणपत्रक पाहायला मागितले, नीट वाचले, ‘बरं’ म्हणाली आणि निघून गेली.

पुढच्या वर्षी ती एम.ए.च्या वर्गात आमच्यासमोर बसली होती. वर्गात स्वनिमविचाराचे प्रकरण सुरू झाले.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे प्रकरण कोरडे वाटते, याचा अनुभव वाचकांपैकी अनेकांना असेलच. वास्तविक त्यातील मूळ कल्पना साधी आहे. मुखावाटे निघणाऱ्या प्रत्येक ध्वनीच्या अंगी अनेक लक्षणे असतात. त्यांपैकी काहींवर शब्दाशब्दांतील भेद उभा असतो. ती व्यवच्छेदक लक्षणे. काही लक्षणे ध्वनीच्या सोबत असतात खरी, परंतु ती अन्य कशावरून तरी आधीच कळून चुकलेली असतात, त्यांच्यावाचून कोणत्याही शब्दाचे अडत नाही. ती अतिरिक्त लक्षणे. ‘पार’ आणि ‘बार’ हे दोन शब्द वेगळे राहतात ते स्वरतंतूंच्या कंपामुळे. ‘प’ अघोष, ‘ब’ सघोष. येथे सघोषत्व व्यवच्छेदक. आता ‘म’ घ्या. ‘म’ उच्चारतानाही स्वरतंतू कंप पावतात. परंतु मराठीत अघोष ‘म’ नाहीच. ध्वनी नासिक्य आहे एवढे कळले की तो सघोष असणार हे वेगळे सांगावे लागत नाही. कंप तोच, पण ‘ब’मध्ये त्याच्यावर शब्दाचा भार आहे आणि ‘म’मध्ये नाही.

दुसरे उदाहरण आम्ही नेहमी इंग्रजीचे देतो. ‘पिन’ हा शब्द इंग्रज उच्चारतो तेव्हा आरंभीच्या ‘प’बरोबर हवेचा एक झोत बाहेर पडतो; ‘स्पिन’मधील ‘प’बरोबर तो पडत नाही. हा फरक त्याच्या स्वतःच्या लक्षातही नसतो, कारण त्याच्या भाषेत या झोताने एकही शब्द दुसऱ्यापासून वेगळा होत नाही. त्याच झोताने आपल्याकडे ‘पळ’चे ‘फळ’ होते. तेव्हा लक्षण व्यवच्छेदक की अतिरिक्त, हे त्या ध्वनीकडे पाहून ठरत नाही. तो ज्या व्यवस्थेत नांदतो ती व्यवस्था ते ठरवते. सोस्यूरची व्याख्याने १९१६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, १९२६ मध्ये प्राग येथे भाषाभ्यासकांचे मंडळ स्थापन झाले, आणि त्या मंडळातील त्रुबेत्स्कॉय यांचा स्वनिमविचारावरील ग्रंथ, १९३८ साली त्यांचे निधन झाल्यानंतर, १९३९ मध्ये बाहेर आला. पुढे याकोब्सन, फांट आणि हॅले यांनी १९५२ मध्ये जगातील भाषांचे ध्वनिभेद अवघ्या बारा द्वंद्वांत बसवण्याचा प्रयत्न केला. मराठीत ना. गो. कालेलकरांचे ‘ध्वनिविचार’ १९५५ चे, तर मराठीच्या स्वनिम आणि रूपव्यवस्थेवरील अशोक केळकरांचा कॉर्नेल विद्यापीठातील प्रबंध १९५८ चा. हा सगळा इतिहास आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत आणि विद्यार्थी तो उतरवून घेत आले आहेत.

त्या दिवशी आम्ही फळ्यावर पाच शब्द लिहिले : अंक, पंच, घंटा, संत, खंबीर. अनुस्वाराचे टिंब पाचही ठिकाणी तेच, पण उच्चार पाच. पुढे ‘क’ असेल तर नासिक्य कंठ्य होते, ‘च’ असेल तर तालव्य, ‘ट’ असेल तर मूर्धन्य, ‘त’ असेल तर दंत्य आणि ‘ब’ असेल तर ओष्ठ्य. पाणिनीने परसवर्णाचा नियम सांगून ठेवला तो हाच. नासिक्याचे उच्चारस्थान येथे पुढच्या व्यंजनावरूनच कळते, म्हणजे ते अतिरिक्त आहे. आणि आपल्या लिपीने ते गाळून एका टिंबावर काम भागवले आहे. हे सांगून झाल्यावर आम्ही सर्वांना ते शब्द मोठ्याने उच्चारायला आणि जीभ कोठे लागते हे पाहायला सांगितले.

तिने हात वर केला. ‘‘सर, ‘घंटा’ म्हणताना जीभ वर वळते. मग मी ‘ण’च म्हणते ना?’’

‘‘अर्थात.’’

‘‘आणि ‘हंडा’ म्हणताना?’’

‘‘तेव्हाही.’’

‘‘म्हणजे मागच्या वर्षी मी ‘पान्याचा हंडा’ म्हटलं, तेव्हा ‘ण’ म्हटला होता. पाण्यात नव्हता. हंड्यात होता.’’

वर्ग हसला. आम्हांला हसता आले नाही. जो ध्वनी तिला येत नाही असे आम्ही लेखी प्रमाणपत्र दिले होते, तो तिने त्या भाषणात वारंवार, बिनचूक आणि आमच्या डोळ्यांदेखत उच्चारला होता. तिची जीभ मूर्धेपर्यंत नीट पोचत होती. फक्त तिच्या बोलीत ‘न’ आणि ‘ण’ हे दोन वेगळे स्वनिम नाहीत. ‘ट’वर्गीय व्यंजनापूर्वी ‘न’ला आपोआप मिळणारे रूप म्हणून ‘ण’ तेथे वावरतो. प्रमाण मराठीत जे लक्षण व्यवच्छेदक, ते तिच्याकडे अतिरिक्त. व्यवस्थेतील या फरकाला आम्ही ‘दोष’ म्हटले होते, आणि तेही अशा दोन माणसांनी, ज्यांना हा विषय शिकवण्याचे वेतन मिळते.

येथे दुसरी बाजू मांडली नाही तर अप्रामाणिकपणा होईल. प्रमाण मराठीत ‘न’ आणि ‘ण’ यांचा भेद खरोखरच शब्द वेगळे करतो. ‘सन’ आणि ‘सण’, ‘मन’ आणि ‘मण’, ‘कोन’ आणि ‘कोण’ या जोड्या बनावट नाहीत. तो भेद मराठीच्या अध्यापकाने शिकवू नये असे आमचे म्हणणे नाही. परंतु शब्दारंभी ‘ण’ मराठीत येत नाही, म्हणजे तेथे हा भेद संभवतच नाही. स्पर्शव्यंजनापूर्वी तो आपोआप ठरतो. उरलेल्या जागी जोड्या मोजक्या आहेत, आणि त्यांतही ‘आधी कोन आलं’ हे ऐकून भूमितीतला कोन कोणाच्या मनात येत नाही. ‘पानी’ला तर प्रतिस्पर्धी शब्दच नाही. शब्दांची ओळख पटण्यासाठी जेवढे हवे तेवढे सगळे त्या भाषणात होते. मग आम्ही गुण कशाचे कापले?

या प्रश्नामागे जाताना आम्हांला आमच्या लाल शाईचा विचार करावा लागला. उत्तरपत्रिकांवर सर्वाधिक लाल खुणा आम्ही करतो त्या ऱ्हस्वदीर्घाच्या. ‘मूल’ दीर्घ, ‘मुले’ ऱ्हस्व. ‘गरीब’ दीर्घ, ‘गरिबाला’ ऱ्हस्व. आता बोलून पाहावे. अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार-उकार मराठी मुखात आपोआप लांबतो, आणि शब्द पुढे वाढला की आखूड होतो. लांबी आहे, पण ती शब्दातील स्थानावरून ठरते. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील भेद डोळ्यांना दिसतो. आपल्या नेहमीच्या बोलण्यात तो कानांना ऐकू येत नाही. ‘शरीराला’मधील ‘री’ मात्र दीर्घच लिहायची, कारण शब्द तत्सम आहे. ‘गरिबाला’ आणि ‘शरीराला’ यांतील तो स्वर बोलण्यात सारखाच निघतो. कोणता दीर्घ लिहायचा हे कळायला कान पुरत नाही, शब्दाचे कूळ ठाऊक असावे लागते. म्हणजे उच्चाराच्या दृष्टीने जे बहुतांशी अतिरिक्त, ते अचूक लिहिण्यासाठी आपण विद्यार्थ्यांची वर्षे खर्ची घालतो.

उलट, मराठीतील एक अस्सल व्यवच्छेदक भेद आपण लिहीतच नाही. ‘जग’ म्हणजे दुनिया, आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. पहिला ‘ज’ तालव्य, दुसरा दंततालव्य. ‘जरा’ म्हणजे वार्धक्य आणि ‘जरा’ म्हणजे थोडे. ‘चार’ ही संख्या आणि ‘गुरांना चार’ यातील ‘चार’. शब्द वेगळा करण्याचे पूर्ण काम या लक्षणाकडे आहे, तरी त्याला लिपीत चिन्ह नाही. ‘आमचा’ दंततालव्य, पण ‘आमची’ आणि ‘आमचे’ तालव्य. ई-एच्या शेजारी हा भेद सामान्यतः मावळतो, हेही प्रत्येक मराठी मूल न शिकता पाळते. त्यासाठी कोणी लाल खूण केली नाही आणि कोणाचे काही बिघडले नाही.

‘शुद्ध’ काय हे कायमचे ठरलेले नसते, याचा पुरावा आमच्या घरातच होता. आमच्यातील सिंधुदुर्गाच्या बाईंकडे आजोबांची जुनी पत्रे आहेत. त्यांत ‘घरांत’, ‘मी येतों’, ‘नांव’ असे अनुस्वार जागोजाग दिलेले आहेत. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे नियम आले, त्यांत १९७२ मध्ये भर पडली, आणि अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले. ‘नांव’ आणि ‘नाव’, नामाभिधान आणि होडी, एकरूप झाले. मराठीचे काही अडले नाही. आजोबांचे शुद्धलेखन नातीच्या पिढीत अशुद्ध ठरले एवढेच. मात्र ‘अनुच्चारित’ म्हणजे कोणाच्या मुखात अनुच्चारित? बाईंच्या घरी मालवणीत ‘खंय’ म्हणताना स्वर आजही नाकातून जातो. प्रमाण बोलीत जे विझले होते ते तेथे तेवत होते. शाळेत पहिल्या बाकावर बसून ‘नाकात बोलू नकोस’ हे वाक्य त्यांनी किती वेळा ऐकले, ते त्या गुणपत्रकावर सही करताना त्यांना आठवले नव्हते.

अमरावतीच्या गृहस्थांना तर आठवायलाच हवे होते. अठराव्या वर्षी पुण्यातील एका वसतिगृहात ते राहायला आले तेव्हा भोजनगृहात त्यांचे स्वागत ‘आलं पानी’ या आरोळीने होई. त्यांनी वहीत ‘ण’ असलेल्या शब्दांची यादी केली आणि ती रात्री पाठ केली. पहिल्या सहामाहीत उत्साहाच्या भरात ‘माझं मण लागत नाही’ असे म्हणून गेले. मग ती आरोळी बदलली. अतिशुद्धीचे हे उदाहरण आज ते वर्गात हसत हसत देतात, नाव न सांगता. दोन वर्षांत ‘ण’ पक्का झाला. दिवाळीला गावी गेले तेव्हा त्यांची माय म्हणाली, ‘‘पुन्यावानी बोलून राहिला तू.’’ ती कौतुकाने म्हणाली की दुखावून, हे त्यांनी तेव्हा विचारले नाही. ज्या गोष्टीची किंमत आपण मोजली ती इतरांनीही मोजावी, असे वाटणारा परीक्षक सर्वांत कठोर असतो. उच्चाराला दहापैकी तीन गुण द्यावेत ही सूचना त्यांचीच होती. सिंधुदुर्गाच्या बाई चार देत होत्या.

त्या मायचीच आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ‘अतिरिक्त’ या शब्दाचा अर्थ आम्हांला तिच्यामुळे नव्याने कळला. तिला अलीकडे ऐकू फार कमी येते. समोरचा बोलू लागला की ती त्याच्या तोंडाकडे पाहते. ‘पाय’ आणि ‘माय’ यांत ती गोंधळते, कारण दोन्हींना ओठ तसेच मिटतात. नाकातून गेलेला श्वास दिसत नाही. परंतु ‘तू’ आणि ‘ती’ यांत ती कधीच गोंधळत नाही. का? मराठीत उ आणि ओ हे पश्च स्वर, म्हणजे जिभेचा मागचा भाग उचलला जाऊन होणारे. ते उच्चारताना ओठ गोलही होतात. पण इ, ए यांहून त्यांना वेगळे करायला जिभेची जागा पुरेशी आहे. ओठांचा गोलावा तिच्या मागोमाग येतो, म्हणून शास्त्राच्या हिशेबात तो अतिरिक्त. जीभ मात्र तोंडाच्या आत असते आणि ओठ बाहेर. मायला दिसते ते फक्त अतिरिक्त लक्षण, आणि त्यावरच तिचा लेकाशी संवाद चालतो. १९४८ मध्ये क्लॉड शॅनन यांनी संदेशवहनाचा गणिती विचार मांडला, तेव्हा गोंगाटातून संदेश पोचतो तो त्यातील अतिरिक्ततेच्या बळावर, हे त्यात होतेच. आम्हीही ते परीक्षेपुरते वाचले होते. अतिरिक्त म्हणजे निरुपयोगी, असा अर्थ आम्ही नकळत घेत आलो होतो. ऱ्हस्वदीर्घाची लेखनातील लांबीदेखील वाचकाच्या डोळ्याला आधार देत असेल. म्हणून ती उद्याच टाकून द्यावी असे आम्ही म्हणणार नाही.

उरतो तो मूळ प्रश्न. गुण कशाचे कापले? याचे उत्तर त्रुबेत्स्कॉय यांच्याच ग्रंथाच्या आरंभी आहे. कार्ल ब्यूलर यांचा आधार घेऊन ते म्हणतात की प्रत्येक उक्तीला तीन अंगे असतात : ती बोलणाऱ्याविषयी काही सांगते, ऐकणाऱ्याला काही आवाहन करते आणि एक आशय पोचवते. शब्द वेगळे करणारी लक्षणे तिसऱ्या अंगाची. बोलणारा कोठला, कोणत्या थरातला, हे सांगणारी लक्षणे पहिल्या अंगाची; त्यांच्यासाठी त्यांनी ध्वनिशैलीचा स्वतंत्र विचार सुचवला. दोन्हींची गल्लत होऊ नये म्हणून ही वेगळी खोली. आम्ही नेमकी तीच गल्लत केली होती. त्या मुलीच्या ‘पानी’ने शब्दाचा अर्थ बदलला नव्हता, ती कोठून आली हे सांगितले होते. शब्दाच्या दृष्टीने जे अतिरिक्त, ते माणसाच्या दृष्टीने आम्ही व्यवच्छेदक मानले, आणि उच्चाराच्या रकान्यात तिच्या गावाला गुण दिले. दहापैकी तीन.

हे आम्ही तिला सांगितले. विभागाच्या खोलीत बोलावून, दोघांनी मिळून. तिने ऐकून घेतले आणि पूर्वीसारखेच ‘बरं’ म्हणाली. मग तिने विचारले, ‘‘सर, हे परीक्षेत येईल का?’’

ते आले. त्या सत्राच्या अंतर्गत परीक्षेत आम्ही व्यवच्छेदक आणि अतिरिक्त लक्षणांवर सोदाहरण टीप विचारली. तिने ‘पाणी’ आणि ‘हंडा’ हीच उदाहरणे घेतली होती, ‘पाणी’ ‘ण’नेच लिहिले होते आणि उत्तर नेटके होते. शेवटच्या परिच्छेदात तिने लिहिले होते की लहान मुल आपल्या बोलीची व्यवस्था न शिकवता शिकते. ‘मुल’ ऱ्हस्व. लाल पेन त्या शब्दापाशी थांबले. अर्धा गुण कापावा, असे आमच्यातील एकाचे म्हणणे होते, कारण लेखनाचा नियम लिहिणाऱ्या सर्वांना सारखा आहे आणि उद्या बाहेरची उत्तरपत्रिका तपासणारा तिला ओळखत नसेल. कापू नये, असे दुसऱ्याचे म्हणणे होते, कारण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तो शब्द वाचूनही बरोबरच होते. अखेर गुण कापला नाही. शब्दाखाली एक बारीक रेघ तेवढी ओढली. शेरा लिहिताना आमचे एकमत झाले होते. त्या रेघेविषयी अजून झालेले नाही.